मुलाखत थांबवण्याचेही शिक्षण असते

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे आणि सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर चिपळूणजवळ, कॉलेज मुंबईत. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्याही घरात पाणी शिरले होते. त्या वर्षी मी नुकतीच बारावी झाले होते. मानसिक आघातावरचे उपचार, म्हणजे ट्रॉमा थेरपी, हेच काम पुढे करायचे असे मी तेव्हापासून मनाशी धरले आहे. प्रबंधासाठी मी पूरग्रस्त बायकांच्या मुलाखती घेते. गाईड सरांनी शंभर जणींचा नमुना सांगितला आहे. पावसाळ्यात एका घरी मुलाखत चालू असताना जोराची सर आली. पत्र्यावर आवाज सुरू होताच त्या काकी बोलता बोलता उठल्या, रेशनकार्ड आणि घराचे कागद ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन माळ्याची शिडी चढू लागल्या आणि अर्ध्यावरच बसून थरथरू लागल्या. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि काय बोलावे ते न सुचून पुढचा प्रश्न विचारला. तेव्हापासून मला नीट झोप लागत नाही आणि पुढच्या मुलाखतीला जायला पाऊल उचलत नाही. मैत्रीण म्हणते, ईएमडीआर या आघातावरच्या उपचारपद्धतीचा छोटा ऑनलाइन कोर्स कर, सर्टिफिकेट मिळाले की आत्मविश्वास येईल. बाबा म्हणतात, हे सगळे सोड आणि बी.एड. कर. मी या कामाला लायक नाही का?

एक विद्यार्थिनी, तालुका चिपळूण

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी नंतर येते, कारण त्याआधी एक तातडीची गोष्ट आहे. उरलेल्या मुलाखती तूर्त थांबवा. कायमच्या नव्हे, पण मी पुढे सांगते आहे ती व्यवस्था उभी राहीपर्यंत एकाही घरी प्रश्नावली घेऊन जाऊ नका. तुमच्या हातून अपराध घडला म्हणून मी हे म्हणत नाही. पुराची आठवण काढायला लावणारे प्रश्न तुमच्या हाती दिले गेले आणि ती आठवण अंगावर आल्यावर काय करायचे हे मात्र कोणी शिकवले नाही. ही उणीव तुमच्या स्वभावातली नाही, शिक्षणातली आहे, आणि ती भरून काढता येते.

त्या दिवशी काकींना काय झाले, हे आधी नीट समजून घेऊ. आघाताची आठवण ही नेहमीच्या आठवणीसारखी 'तेव्हा असे झाले होते' या रूपात येतेच असे नाही. आवाज, वास, अंधार, अंगाला लागलेला गारवा यांपैकी एखादी खूण पुरते आणि शरीर त्या रात्री वागले तसे पुन्हा वागू लागते. छाती धडधडते, हातपाय थरथरतात, आणि पिशवी माळ्यावर नेण्याची कृती विचार करण्याआधीच सुरू होते. त्या क्षणी काकी तुमच्याशी पुराबद्दल बोलत नव्हत्या, त्या पुरातच होत्या. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारला तर तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचलाच तर त्यांना आणखी आत ढकलतो. हात घट्ट धरण्यामागे तुमची माया होती, परंतु ज्याला आपण अडकलो आहोत असे वाटते आहे त्याला धरून ठेवलेला हात कधी कधी आणखी एक अडकवणूक वाटतो. म्हणून स्पर्श विचारून करायचा असतो.

अशा वेळी करायचे ते पुढीलप्रमाणे. कागद आणि पेन बाजूला, त्यांना दिसेल असे खाली ठेवावे. आपण त्यांच्यापेक्षा खालच्या पातळीवर, शिडीवर बसल्या असतील तर पायथ्याशी आणि थोडे एका अंगाला बसावे, म्हणजे त्यांची उतरायची वाट अडत नाही. आवाज नेहमीपेक्षा हळू आणि सावकाश ठेवून त्यांना नावाने किंवा नात्याने हाक मारावी आणि आजचा वार, आजचे ठिकाण, आपण कोण, हे साध्या वाक्यांत सांगावे: 'काकी, आज मंगळवार आहे, तुम्ही तुमच्या घरात आहात, बाहेर पाऊस आहे, घरात पाणी नाही.' डोळे मिटलेले असतील तर उघडायला सांगावे. तळपाय पायरीला किंवा जमिनीला टेकल्याचे जाणवते का, जमीन गार आहे की ऊबदार, असे विचारावे. समोर काय काय दिसते ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे: पडवीतली सुपारीची रास, भिंतीवरचे कॅलेंडर, उंबऱ्याशी बसलेले मांजर. तांब्यातले पाणी द्यावे आणि भांडे त्यांनी स्वतःच्या हातात धरावे. 'दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला सगळ्यांना देतात, परंतु घाबरलेला माणूस जोरजोराने श्वास ओढू लागला तर त्याची घेरी वाढते. त्याऐवजी सावकाश श्वास सोडण्यावर भर द्यावा. त्या पूर्ण भानावर आल्या की मुलाखत आज इथेच संपली असे आपणहून सांगावे, म्हणजे 'नको' म्हणण्याचे ओझे त्यांच्यावर पडत नाही. त्यानंतर लगेच उठून निघू नये. चहा होईपर्यंत, शेजारची कोणी किंवा घरातले कोणी येईपर्यंत बसावे, रोजच्या गोष्टी बोलाव्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी करावी. हे उपचार नव्हेत. याला ग्राउंडिंग म्हणतात, आणि ते तुम्हाला पहिल्या मुलाखतीआधीच, वर्गमित्रांबरोबर पाठ होईपर्यंत सराव करून, यायला हवे होते.

त्या काकींकडे या आठवड्यातच जा, पण प्रश्नावली न घेता. त्या दिवशी त्रास झाला, तेव्हा मुलाखत थांबवायला हवी होती, असे सरळ सांगा. त्यांनी दिलेली माहिती अभ्यासात ठेवायची की काढून टाकायची हे त्यांना विचारा आणि त्या म्हणतील तसे करा. त्यांना मदत हवी असल्यास कुठे जाता येईल याची चिठ्ठी द्या: जवळचे सरकारी रुग्णालय आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक. ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते. पण चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका. रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, तिथे कोणाला भेटायचे, एसटी कुठली, हे स्वतः चौकशी करून लिहून द्या, कारण नुसत्या नंबराने आमच्या भागातली बाई घराबाहेर पडत नाही.

आता तुमच्या संशोधनाकडे वळते. आघाताबद्दल विचारणेच घातक असते, अशी समजूत तुम्ही करून घेऊ नये. अशा संशोधनात भाग घेतलेल्यांपैकी बहुतेकांना नंतर पश्चात्ताप होत नाही, उलट कोणीतरी विचारले याचे अनेकांना बरे वाटते, असेच आजवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. परंतु त्या अभ्यासांत मुलाखतकार प्रशिक्षित होते, त्रास झाल्यास काय करायचे ते आधी लिहून ठेवलेले होते आणि मागे आधार देणारी माणसे होती. तुमच्या अभ्यासात प्रश्न तेवढे आले, बाकीचे आले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीच्या काळातील संशोधनाचा स्वतंत्र विचार केलेला आहे, तो तुम्ही आणि तुमच्या गाईड सरांनी बरोबर बसून वाचावा. तुमच्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीने या प्रबंधाला मान्यता दिली आहे का, आणि देताना 'सहभागी व्यक्तीला त्रास झाल्यास काय कराल' हा प्रश्न विचारला होता का, हे मला तुमच्या पत्रावरून कळले नाही. मान्यता घेतलेली नसेल तर आता घ्या.

संमतीपत्राबद्दल आपल्या भागापुरती एक गोष्ट सांगते, जी बाहेरून आलेल्या नमुन्यांत तुम्हाला सापडणार नाही. पूर ओसरल्यावर घराघरांत कागद आणि पेन घेऊन आलेली पहिली माणसे पंचनाम्याची होती. त्यानंतर भरपाईचे अर्ज, संस्थांच्या याद्या, पुन्हा पाहणी. त्यामुळे कोणी मुलगी कागद घेऊन पडवीत बसली आणि 'पुरात तुमचे काय नुकसान झाले' असे विचारू लागली, की समोरची बाई तो पंचनामाच समजते, आणि जितके दुःख सांगू तितकी मदत मिळेल या आशेने, स्वतःला सोसवत नसतानाही सांगत राहते. तुम्ही 'हा फक्त अभ्यास आहे' असे एकदा म्हटल्याने ही समजूत जात नाही. 'या कागदावरून पैसे मिळणार नाहीत, नाव कुठल्याही यादीत जाणार नाही, उत्तर दिले नाही तरी मिळणारी मदत थांबणार नाही' ही तीन वाक्ये स्वतंत्रपणे सांगा आणि त्यांना काय समजले ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. मधे केव्हाही थांबता येते, हेही प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पुन्हा सांगा. लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कोणी दिली तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती कळवणे तुम्हाला बंधनकारक आहे, म्हणून 'तुम्ही सांगाल ते सगळे गुप्त राहील' असे सरसकट आश्वासन देऊ नका. गुप्ततेची मर्यादा आधीच स्पष्ट करा.

आणि खाजगीपणा. वाडीतल्या घरात मुलाखत ठरवली की शेजारीण डोकावते, सासूबाई ओटीवर येऊन बसतात, मूल मांडीवर येते. अशा वेळी बाई सासूसमोर बोलता येईल तेवढेच बोलते. जागा आणि वेळ त्यांनाच ठरवू द्या. आरोग्य उपकेंद्राची रिकामी खोली, शाळा सुटल्यानंतरचा वर्ग, काहीही चालेल. मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण उतरवून घेतल्यावर पुसून टाका, आणि प्रबंधात वाडीचे नाव, धंदा, घरातल्या माणसांची संख्या ही तीन एकत्र लिहू नका, कारण आपल्याकडे एवढ्यावरून कोणीही ते घर ओळखेल.

तुम्ही पीसीएल-५ ही आघाताची लक्षणे मोजणारी प्रश्नावली वापरता आहात असे मी गृहीत धरते, कारण बहुतेक विद्यार्थी तीच वापरतात. तिच्यात २० प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण आणि एकूण ८० पैकी ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले तर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, असण्याची शक्यता धरून पुढील तपासणी करावी असा संकेत आहे. तो संकेत परदेशी अभ्यासांवर बेतलेला आहे आणि प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हे तुम्हाला वर्गात सांगितले असेलच. मला वेगळ्याच गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. ही प्रश्नावली गेल्या एका महिन्यात किती त्रास झाला हे विचारते. चिपळूणच्या बाईला हा प्रश्न जानेवारीत विचारला आणि जुलैत विचारला, तर एकाच बाईची दोन निरनिराळी उत्तरे येण्याचा संभव मोठा आहे, कारण जुलैत तिच्या डोक्यावरचा पत्रा दिवसरात्र वाजत असतो, नदीची पातळी किती वाढली याचे निरोप फोनवर येत असतात आणि तारीखही तीच जवळ येत असते. तुमच्या काही मुलाखती पावसाळ्यात आणि काही हिवाळ्यात झाल्या असतील, तर त्यांची बेरीज करून काढलेली सरासरी निरर्थक ठरेल. शंभराचा आकडा ही चूक झाकू शकणार नाही.

याला जोडूनच आणखी एक मुद्दा आहे, आणि मला तो या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आघातानंतरची भीती हा आजार कधी ठरतो? धोका टळून गेल्यावरही शरीर धोका आहे असेच वागत राहिले आणि जगणे आक्रसत गेले, तर. परंतु चिपळूणच्या वाशिष्ठी नदीकाठी धोका टळलेला नाही. २००५ मध्ये पाणी आले, २०२१ मध्ये आले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले आणि २२ जुलैला, चिपळूण पाण्याखाली होते त्याच दिवशी, महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा प्रदेशात पावसाळा लागला की घराचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणारी बाई शहाणी आहे. तिला थरथर सुटते, स्वयंपाक सुचत नाही, ती रात्र रात्र जागी राहते, पाऊस म्हटले की माहेरीही जात नाही, तेव्हा तिला उपचारांची गरज आहे. सावधपणा आणि आजार यांच्यातली ही रेघ तुमच्या प्रश्नावलीला दिसत नाही, ती मुलाखतीतच कळते. उद्या तुम्ही उपचार करू लागाल तेव्हाही ही रेघ ओळखावी लागेल, कारण ज्या उपचारात टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरे जायला शिकवतात, त्यात सुरक्षित गोष्टींनाच सामोरे जायचे असते. पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसणे हा सराव होऊ शकतो. पाणी चढत असताना घरात थांबणे हा कधीच नाही.

शिवाय प्रत्येक पूरग्रस्त दुःखी बाईला पीटीएसडी नसतो. कोणाला दुकान बुडाल्याचे कर्ज आहे, कोणाच्या नवऱ्याची दारू पुरानंतर वाढली, कोणी गेलेल्या माणसाचा शोक करते आहे, कोणाला नैराश्य आहे. आपत्तीतून गेलेली बहुसंख्य माणसे काळ, नातेवाईक, काम आणि ग्रामदैवतासमोर घातलेले गाऱ्हाणे यांच्या आधाराने सावरतात. गाऱ्हाण्याचा आणि कौल लावण्याचा उल्लेख आला तर तो अंधश्रद्धा म्हणून वगळू नका. त्या बाईने मदत कुठे शोधली आणि तिला काय मिळाले, ही तुमच्या अभ्यासाची सामग्रीच आहे.

तेव्हा गाईड सरांना माझी सूचना अशी सांगा: शंभर जणींच्या प्रश्नावल्यांऐवजी पंधरा ते वीस जणींच्या सविस्तर मुलाखती, सगळ्या एकाच ऋतूत, शक्य तर पावसाळा संपल्यावर. विषय पुराच्या रात्रीचा नको. 'पुरानंतरच्या पावसाळ्यांत तुम्ही कसे निभावता' हा असावा. त्या रात्रीचे वर्णन कोणी आपणहून केले तर ऐकावे, उकरून काढू नये. प्रत्येक मुलाखतीनंतर ठरलेल्या वेळी अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ किंवा नैदानिक मानसशास्त्रज्ञाशी फोनवर बोलायची सोय हवी, आणि ती तोंडी नको, लेखी हवी. हे कमी दर्जाचे संशोधन आहे असे कोणी म्हणाले तर मी सहमत नाही. कोकणातल्या पूरग्रस्त बायका पाचव्या पावसाळ्यात कशा जगतात, हे नीट लिहिलेले वाचायला मला स्वतःला हवे आहे.

तुमच्या झोपेबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला ते पत्रातले सर्वांत जड वाक्य वाटले. दुसऱ्याचा आघात ऐकणाऱ्यालाही त्रास होतो, ही गोष्ट आता या क्षेत्रात मान्य झालेली आहे. १९९० मध्ये मॅककॅन आणि पर्लमन या दोघींनी तिची सविस्तर मांडणी केली. तुमच्या बाबतीत मात्र तो केवळ दुसऱ्याचा आघात नाही. तुमच्या घरातही तेच पाणी होते. काकी शिडीवर बसल्या तेव्हा तुम्ही कोणाला पाहत होता, हा प्रश्न तुम्ही स्वतःला शांतपणे विचारावा असे मला वाटते. स्वतः पूर सोसलेल्या माणसाने पूरग्रस्तांसोबत काम करू नये, असे मी म्हणणार नाही. तुम्हाला चिखलाचा वास, उंबऱ्याची उंची, फोन बंद पडल्यावरचे तास समजावून सांगावे लागत नाहीत, आणि समोरच्या बाईला ते जाणवते. परंतु त्यात दोन धोके आहेत. एक, तुम्ही 'मला माहीत आहे' असे समजून तिचे वेगळेपण ऐकायचे सोडून द्याल. दुसरा, तिला सावरण्यात तुम्ही स्वतःलाच सावरू पाहाल, आणि ती सावरली नाही की कोसळाल. म्हणून प्रत्येक मुलाखतीआधी आणि नंतर स्वतःच्या मनात काय उठले ते वहीत लिहा, ती वही सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाकडून आपले काम तपासून घेण्याच्या बैठकीत, उघडा, आणि स्वतःसाठी समुपदेशन घ्या. झोपेचा त्रास महिनाभरापेक्षा जास्त टिकला असेल, पाणी डोळ्यांसमोर येत असेल, अभ्यास सुटला असेल, तर ते लगेच घ्या. १४४१६ हा क्रमांक काकींइतकाच तुमचाही आहे.

आता कोर्सबद्दल. ईएमडीआर ही पद्धत फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ पासून विकसित केली, १९८९ मध्ये तिच्यावरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी शिफारस केलेल्या उपचारांत तिचा समावेश आहे. पद्धतीला माझा आक्षेप नाही. पण तिचे आठ टप्पे आहेत, आणि डोळ्यांच्या हालचाली, ज्यांसाठी ती प्रसिद्ध आहे, त्या चौथ्या टप्प्यात येतात. आधीच्या तीन टप्प्यांत पूर्वेतिहास, तयारी आणि मूल्यमापन असते, आणि रुग्ण त्रासातून स्वतःला परत आणू शकतो का, याची खात्री त्या तयारीत करून घ्यायची असते. चौथ्या टप्प्याची सर्टिफिकेट देणारे छोटे अभ्यासक्रम पहिल्या तिघांचा अनुभव देऊ शकत नाहीत, कारण तो रुग्णांबरोबर, कोणाच्या तरी देखरेखीखाली, महिनोन्‌महिने काम करूनच येतो. दुसऱ्या मान्य पद्धतींचेही तसेच. एडना फोआ यांच्या प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये आठवणीत पुन्हा पुन्हा जावे लागते, पण ते साधारण नव्वद मिनिटांच्या ठरवून आखलेल्या सत्रांत, आधी कारण समजावून, नंतर त्यावर बोलून, आणि पुढच्या आठवड्यात तोच उपचारक पुन्हा समोर असणार या भरवशावर. पॅट्रिशिया रेसिक यांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत 'माझ्यामुळेच सासू मागे राहिली' यांसारख्या अडकलेल्या विचारांवर साधारण बारा सत्रे काम होते. आठवण काढणे या सगळ्यांत आहे. आठवण काढून माणसाला तिथेच सोडून निघून जाणे मात्र यांपैकी कशातही नाही. आपत्तीनंतर एकाच बैठकीत सर्वांना सगळे बोलायला लावण्याची एकेकाळची प्रथा, जिला डिब्रीफिंग म्हणत, ती आता मान्य मार्गदर्शिकांत सुचवली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे एवढ्यावरच थांबते. त्या पुस्तिकेवरचे प्रशिक्षण मात्र तुम्ही या वर्षी अवश्य घ्या, ते तुमच्या आजच्या पायरीला शोभणारे आहे.

पुढची वाट अशी. नुसत्या एम.ए.ने कोणी नैदानिक मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला नैदानिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम करून तिच्या नोंदवहीत नाव लावावे लागते. आजवर तो मुख्यतः दोन वर्षांचा एम.फिल. होता. एम.फिल.बद्दलचे धोरण बदलते आहे, म्हणून फी भरण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः पाहा, जाहिरातीवर विसंबू नका. बंगळूरची निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था सर्वांना माहीत आहे, प्रवेश अवघड आहे, तयारी करून प्रयत्न करा. दरम्यानच्या काळात महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या रत्नागिरीत आहे. तिथे निरीक्षणासाठी येण्याची परवानगी कॉलेजच्या पत्रासह मागा. पूरग्रस्तांपेक्षा अगदी वेगळे रुग्ण तिथे दिसतील, आणि केवळ आघातच पाहिलेल्या विद्यार्थ्याला सगळीकडे आघातच दिसू लागतो, तो दोष तुमच्यात राहणार नाही.

सुपरव्हिजनला मी एवढे महत्त्व का देते याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. गोव्यात संगात या संस्थेने आणि विक्रम पटेल यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना तयार करून आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांना नैराश्यावर मदत दिली, आणि २०१० व २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचण्यांत ती उपयोगी ठरल्याचे दिसले. तुमच्यापेक्षा कमी शिकलेल्या माणसांना जे जमले ते तुम्हाला न जमण्याचे कारण नाही. फरक इतकाच की ती माणसे एकटी नव्हती. त्यांना ठरावीक, मर्यादित काम शिकवले होते, आणि ते काम नियमितपणे तपासले जात होते.

लायकीबद्दल विचारलेत, म्हणून सांगते. शिडीवर बसलेल्या काकींना पाहून तुम्ही हबकलात, दुसऱ्या दिवशी काही झालेच नाही असे समजून पुढच्या घरी गेला नाहीत, आणि विचारायला पत्र लिहिलेत. मी विद्यार्थी निवडायला बसले असते तर मला एवढे पुरले असते. बाबांची काळजी पैशांची आणि वयाची असणार, ती खोटी नाही. त्यांना अभ्यासक्रमाची वर्षे, फी, स्टायपेंड मिळतो की नाही आणि नोंदणीनंतर कुठे काम मिळू शकते हे कागदावर मांडून दाखवा. बी.एड. नंतरही करता येते, असेही त्यांना सांगू शकता.

गाईड सरांकडे जाताना हे उत्तर बरोबर न्यायला हरकत नाही. मात्र त्याआधी 'मुलाखतीत त्रास झाल्यास' या मथळ्याचे एक पान स्वतःच्या हाताने लिहा: केव्हा थांबायचे, काय बोलायचे, कोणाला फोन करायचा, दुसऱ्या दिवशी कोण चौकशी करणार. नमुन्याचा आकडा कमी करण्याची विनंती त्या पानासोबत करा. सरांनी त्या पानावर सही केली आणि एथिक्स कमिटीने ते स्वीकारले, की मुलाखती पुन्हा सुरू करा.

तुमची,
ताई